ताई, सरक जरा

१

ठिगळ हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण ज्या जगात त्याला मान होता, तिथं तो याच नावानं ओळखला जायचा. ते जग म्हणजे एक जुना गेम. किल्ले, खेडी, बाजार, तळी, आणि त्यात हिंडणारा एक भटका वीर म्हणजे आपण. गेम काढणारी कंपनी तो केव्हाच विसरून गेली होती, खेळणारे विसरले नव्हते. ते आपापल्या घरी बसून त्यात नव्या गोष्टी बनवून घालत. कुणी झाडं लावी, कुणी घोडे सोडी, कुणी अख्खं गाव वसवी. या घरगुती भरीला मॉड म्हणतात. आता जो तो आपल्या मनानं भर घालायला लागला की भांडणं आलीच. एकाची भिंत दुसऱ्याच्या विहिरीतून जाते, एकाचा लोहार दुसऱ्याच्या छपरावर उभा राहून भाता ओढतो. अशा वेळी दोघांची समजूत घालणारा एक छोटा तिसरा मॉड करावा लागतो. त्या कामात ठिगळचा हात धरणारा कुणी नव्हता.

दिवसभर तो घरूनच एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचा. कानाला हेडफोन आणि तोंडात "आपली गैरसोय झाली, दिलगीर आहोत". ते संपलं की तीच खुर्ची, तोच हेडफोन, आणि पुन्हा तक्रारीच. फक्त या तक्रारी करणारे त्याला सर म्हणत आणि शिव्या देत नसत. माणसाला तेवढंही पुरतं.

त्या रविवारी एका नवख्याची तक्रार आली होती. 'माझ्या खाणावळीतलं मधलं टेबल मी काढून टाकलं, तरी नोकर त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जातात. गेममध्ये भूत शिरलंय का?'

ठिगळ हसला. 'भूत नाही,' त्यानं लिहिलं. 'गेममधली माणसं जमिनीवरून चालत नाहीत. जमिनीवर एक न दिसणारी चादर अंथरलेली असते, तिच्यावरून चालतात. टेबल मांडताना त्या चादरीला टेबलाएवढं भोक पाडतात, नाहीतर माणसं टेबलातूनच जातील. तू टेबल उचललंस. पण भोक कोण शिवणार?'

बाहेर टक असा आवाज झाला. शिवण्याची भाषा त्याच्या तोंडी ज्या माणसाकडून आली होती, ते माणूस बूड हलवत होतं.

२

ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ती कॉलेजात जायच्या वयाची होती आणि हा चड्डी सावरत शाळेत जाणारा. ती कॉलेजात गेली नाही, कपड्यांच्या कारखान्यात गेली. तिथं काजं-बटणं करायला बसली ती गुडघे जाईपर्यंत उठली नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे ठिगळनं तिला कधी विचारलं नाही, कारण उत्तर त्याला रोज दाढी करताना आरशात दिसायचं. ठिगळ्या हे नावही तिनंच ठेवलेलं. तिनं ठिगळ लावलेली चड्डी घालून तो वर्गात जायचा आणि रडत घरी यायचा. "रडतोस काय ठिगळ्या," ती म्हणायची, "फाटकी तर नाही ना?" पुढं तो कॉलेजात गेल्यावर हाच गेम तिनं त्याच्यासाठी आणला होता. कारखान्यातली पाळी संपल्यावर रांगेत उभी राहून आणला होता. तेव्हा गुडघे धड होते.

आता ती त्याच्याकडे राहायची आणि दारात बसायची. म्हणजे रस्त्यावरच्या दारात नाही, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या दारात. तिथं खिडकीचा उजेड बरोब्बर हातांवर पडतो आणि घरात कोण आलं-गेलं तेही दिसतं, असं तिचं म्हणणं. बसायला एक लाकडी स्टूल होतं, त्याचा एक पाय आखूड. ती जराशी हलली की टक. मांडीवर कुणाचं तरी उसवलेलं काही घेऊन ती बसलेली असायची, आणि घरातल्या प्रत्येकाला आडवं होऊन, पोट आत ओढून तिच्या बाजूनं जावं लागायचं.

"ताई, सरक जरा."

चहाला जाताना म्हणायचं, चहा घेऊन येताना म्हणायचं. "सरकते हं," ती म्हणायची आणि केसभर सरकायची. टक.

"ठिगळ्या, या पायाला एक रबर बसव की रे. सगळ्या जगाची डागडुजी करतोस मेल्या."

"उद्या बसवतो."

रबर आणून झालं होतं. ते त्याच्या टेबलाच्या खणात पडून होतं. उद्या तेवढा उगवत नव्हता.

आणि आता दुसरीच गोष्ट निघाली होती. ठिगळ आणि त्याची बायको यांना मूल हवं होतं, डॉक्टरांकडे खेपा चालू होत्या, आणि घरात जादाची खोली एकच होती, ती ताईची. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. तिच्याच ओळखीतून वृद्धांसाठी चालवलेली एक जागा कळली होती. स्वच्छ, बाग वगैरे असलेली.

"मी वाईट नाही रे," बायको म्हणाली होती. "पण दारातून जाताना रोज अंग चोरून जायचं, आपल्याच घरात? तू बोल त्यांच्याशी. बहीण तुझी आहे."

"बोलतो," ठिगळ म्हणाला होता. रबराच्या खणातच त्यानं तेही ठेवून दिलं.

३

गेममध्ये ठिगळचं एक घर होतं, तळ्याकाठच्या गावात. दोनच खोल्या, मधे दार. मोठेमोठे वाडे बांधलेले मॉड त्याच्याकडे ढिगानं होते, पण राहायला त्याला हेच बरं वाटायचं. त्या संध्याकाळी तो आपल्या वीराला घेऊन घरात शिरला आणि मधल्या दारात कुणीतरी बसलेलं होतं.

एक बाई. पाठमोरी. डोक्याला रुमाल, मान खाली.

ठिगळ दचकला वगैरे नाही. अशी चुकार माणसं गेममध्ये नेहमीच सापडतात. कुणाच्या तरी मॉडमधली बाजारकरीण वाट चुकून इथं अडकली असणार. आज्ञा द्यायची चौकट उघडून वस्तूवर क्लिक केलं की तिचा क्रमांक दिसतो, आणि त्याच्या सुरुवातीवरून ती कोणत्या मॉडची ते कळतं. त्यानं क्लिक केलं.

ती कोणत्याच मॉडची नव्हती. मूळ गेमचीही नव्हती. तिच्या क्रमांकाच्या सुरुवातीला जी खूण होती तिचा अर्थ एकच: ही वस्तू बाहेरून आलेली नाही, खेळता खेळता इथंच, याच डावात तयार झाली आहे.

होतं असंही, त्यानं मनाशी म्हटलं. मग त्यानं वीराला तिच्या बाजूनं पुढं नेलं, तेव्हा तिचे हात दिसले. ते मांडीवर हलत होते. एक हात वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. सुई नव्हती, कापड नव्हतं. ठिगळला या गेममधल्या माणसांची प्रत्येक हालचाल तोंडपाठ होती. घण मारणं, झाडणं, गवत कापणं, दारू पिणं. शिवणं त्यात नव्हतं. ते कुणी कधी बनवलंच नव्हतं.

हेडफोनमध्ये टक असा आवाज आला.

त्यानं हेडफोन काढला. स्वयंपाकघराकडून टक असा आवाज आला.

बाहेरचा आवाज माइकमधून फिरून कानात आला असेल, हे त्याला लगेच सुचलं. माइकची वायर मात्र त्यानं काम संपल्यावर काढून ठेवली होती, आणि ती समोर टेबलावर पडलेली होती.  मग त्यानं वीराला दारातून पलीकडे न्यायचा प्रयत्न केला. वीर त्या बाईला अडून जागच्या जागी पाय आपटत राहिला.

४

त्यानं तिला उचलून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलं. घरात परत आला तर ती दारात. तळ्याच्या तळाशी ठेवलं, तरी दारात.

गेमातल्या जुन्या मित्राशी तो बोलला. या मित्रानं सगळ्या गेमभर झाडं लावली होती म्हणून त्याला माळी म्हणत. दोघं कधी प्रत्यक्ष भेटलेले नव्हते, पण आवाजाची ओळख फार जुनी.

"झाकून टाक तिला," माळी म्हणाला. "दिसणार नाही, अडणार नाही. विषय संपला."

"झाकली होती. घरात शिरलो की पुन्हा उघडी पडते."

"मग राहू दे बसलेली. पण कायमची पुसायच्या भानगडीत पडू नकोस हं. मी तुला काय सांगणार म्हणा, नियम तुझाच आहे."

नियम त्याचाच होता. नवख्यांसाठी त्यानंच ठळक अक्षरात लिहून ठेवलेला. चालू डावातली वस्तू झाका, पुसू नका. पुसलेली वस्तू जाते, पण बाकीचा डाव तिला धरून उभा असतो. तो तिला हाका मारत राहतो, आणि त्या हाका मग कशानंही बंद होत नाहीत.

पुढच्या रविवारी दुपारी बायकोचा लॅबमधून फोन आला. त्या जागेत एक खोली रिकामी झाली होती. "संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. आज तरी बोल."

ठिगळ उठला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. ताई त्याच्याच शर्टाचं बटण लावत होती. तिनं दोरा दातांनी तोडला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"काय रे? काही बोलायचंय का?"

"काही नाही."

"चार दिवस बघतेय. तोंड उघडतोस आणि मिटतोस, माशासारखा. बोल की. मी काय खाणारेय तुला?"

"काही नाही म्हटलं ना! सरक जरा, पाणी घेऊ दे."

ताई हसली. "मी आता सरकून सरकून जाऊ तरी कुठं रे ठिगळ्या?"

ती स्टुलाबद्दलच बोलत होती. नक्कीच स्टुलाबद्दल. पण ठिगळच्या कानशिलाची शीर तडतडली. चूक आपली असली की माणसाला जो राग येतो, तो आला. पाणी न घेताच तो माघारी वळला, खोलीचं दार लोटलं आणि खुर्चीत बसला. समोर पडद्यावर दार होतं, दारात पाठ होती, हात वरखाली होत होते. त्यानं चौकट उघडली, तिच्यावर क्लिक केलं, झाकायची नव्हे तर पुसायची आज्ञा लिहिली आणि बोट दाबलं.

दार मोकळं झालं. पलीकडची चूल दिसली. तिथं चूल आहे हे तो विसरूनच गेला होता.

घरातही अगदी शांत झालं होतं.

५

बायको आली ती पिशव्या ठेवून तडक स्वयंपाकघरात गेली. ठिगळ खोलीतून बाहेर येऊन उभा राहिला. मधल्या दारात कुणी नव्हतं, स्टूल नव्हतं.

"ताई कुठाय?"

"कोण ताई?"

"ताई गं. माझी."

बायकोनं वळून पाहिलं. "बरा आहेस ना? तुला कुठं बहीण आहे?"

त्यानं ताईच्या खोलीचं दार उघडलं. आत कपडे वाळत घालायचा स्टँड, न लागणारी खोकी, एक मोडका पंखा. खोक्यांवर धूळ होती, बऱ्याच वर्षांची वाटावी अशी. पलंग कधी तिथं असल्याची खूणही नव्हती. खणातला शाळेतला जुना फोटो त्यानं काढून पाहिला. त्यात तो एकटाच उभा होता, ठिगळाची चड्डी घालून. फक्त शर्टाचा खांदा एका बाजूला दबलेला होता, हात ठेवल्यावर दबतो तसा.

"मला वाढवलं कुणी?" त्यानं विचारलं.

"वसतिगृहात वाढलास ना तू. तूच सांगितलंस लग्नाआधी." बायको जवळ आली, तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप नाहीये. काय झालंय तुला?"

"चेष्टा केली," ठिगळ म्हणाला आणि हसला.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की त्याला हलकं वाटलं. बोलायचं राहिलं होतं ते आता बोलायला नको होतं. कुणी रडणार नव्हतं, बॅग भरणार नव्हतं, जाताना मागं वळून पाहणार नव्हतं. विचारायलाही कुणी येणार नव्हतं. शर्टाचं बटण तेवढं अर्धवट लोंबत होतं. संध्याकाळी त्यानं ते ओढून काढलं आणि केरात टाकलं.

६

बायको भांडं घेऊन दारातून आली, तेव्हा ती आडवी झाली.

ठिगळ समोरच बसला होता. तिनं खांदा वळवला, पोट आत ओढलं, भांडं डोक्याच्या उंचीवर धरलं आणि रिकाम्या जागेच्या बाजूनं अंग चोरून बाहेर आली. बोलणं चालूच होतं. आपण काय केलं हे तिच्या गावीही नव्हतं.

सवय असेल, त्यानं ठरवलं. शरीराला सवय लागते, डोक्याला ठाऊक नसलं तरी.

मग नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. तो या घरात पहिल्यांदाच येत होता. आडदांड माणूस, हातात अवजारांची पेटी. मधल्या दाराशी आल्यावर त्यानं पेटी छातीशी धरली, आडवा झाला आणि हळूच पुढं सरकला, झोपलेल्या माणसाजवळून जावं तसा.

"काय झालं?" ठिगळनं विचारलं.

"कशाला काय झालं?" प्लंबर म्हणाला.

ठिगळ गेममध्ये गेला. तळ्याकाठच्या घरात त्यानं शेजाऱ्याला बोलावून आणलं आणि दारातून चालायला लावलं. शेजारी दाराशी थांबला, आडवा झाला, वळसा घेऊन गेला. म्हणजे चादरीला भोक राहिलंय. सोपं काम. शेकडो लोकांची असली भोकं त्यानं शिवून दिली होती. त्यानं घराचा आराखडा उघडला, चादर काढून पाहिली, कोपरान् कोपरा तपासला. चादर अखंड होती. भोक कुठंच नव्हतं.

तो तसाच बसून राहिला. घरात दुपारची सामसूम होती, बायको कामावर होती. मग स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, अगदी हलकाच.

टक.

"ताई?" तो म्हणाला.

उत्तर आलं नाही. पण माणूस थकून बूड हलवतं आणि पुन्हा हातातल्या कामाला लागतं, तशी ती शांतता होती. तो उठून पाहायला गेला नाही.

७

बायकोला दिवस राहिले. खोकी निघाली, धूळ निघाली, खोलीला पिवळा रंग लागला. मुलगी झाली. गोरी-काळी, नकटी-चाफेकळी, लोकांनी काय काय म्हटलं. ठिगळला तिचे फक्त हात दिसले. लांब बोटं, अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला. तसा अंगठा घरात आणखी एकाच माणसाचा होता.

पुसण्याच्या आधीचा डाव त्यानं जपून ठेवला होता. एवढी शिस्त त्याच्यात होती, काहीही करण्याआधी डावाची एक प्रत काढायची. ती प्रत उघडली की दारात बाई बसलेली असणार, आणि मग बाहेरही कदाचित. माळीला त्यानं आडून आडून विचारलं.

"जुना डाव उघडला तर पुसलेलं परत येतं ना?"

"येतं की. सगळं जसंच्या तसं."

"आणि त्यानंतर जे झालं ते?"

"ते कुठलं राहायला? त्या डावात ते झालेलंच नसतं." माळी हसला. "काय रे, नवख्यासारखं विचारतोस?"

ठिगळनं पिवळ्या खोलीत डोकावून पाहिलं. मुलगी झोपेत मूठ चोखत होती. हे सगळं खुळ्याचे विचार आहेत, गेमचा आणि घराचा काय संबंध, हे त्याला पटत होतं. अगदी पटत होतं. मग उघड की प्रत. संबंध नाही तर भीती कसली?

कितीदा तरी तो त्या प्रतीवर माउसचा बाण नेऊन बसला. बोट काही दाबलं गेलं नाही. ताईनं असल्या वेळी काय केलं असतं याचा विचार त्यानं करून पाहिला, आणि उत्तर इतकं चटकन आलं की त्याला स्वतःची शिसारी आली. ती म्हणाली असती, राहू दे रे, पोरीला जप. तिनं आयुष्यभर दुसरं काही म्हटलं नव्हतं आणि त्यानं आयुष्यभर तेच धरून काम भागवलं होतं. याही वेळी भागवलं.

८

मुलगी रांगायची ती मधल्या दाराकडे. घरभर खेळणी पसरलेली, पण हिला जागा हवी ती तीच. तिथं बसून वर पाहायची आणि खिदळायची.

एके दिवशी सकाळी बायको भाजी चिरत होती आणि ठिगळ दाराच्या अलीकडे वर्तमानपत्र घेऊन बसला होता. मुलगी रांगत दारात गेली. तिनं एक हात वर केला. मग दुसरा. दोन्ही हातांनी तिनं हवेत काहीतरी धरलं, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांच्या उंचीवर. आणि जोर लावून उठून उभी राहिली.

ती पहिल्यांदाच उभी राहत होती. पाय लटपटत होते, पोट पुढं आलेलं, सगळा भार पुढं दिलेल्या हातांवर. अशी तोल गेलेली माणसं पडतात. ती पडली नाही. ती कशाला तरी रेलून उभी होती, आणि ज्याला रेलली होती ते तिच्या वजनानं किंचित हललं.

टक.

"अगं बाई, उभी राहिली!" बायको ओरडली. सुरी टाकून ती धावली, आडवी होऊन दारातून बाहेर आली आणि मुलीचे मुके घ्यायला लागली. "पाहिलंस का? एकटी उभी राहिली, कशालाही न धरता!"

 मुलीच्या केसांची एक बट कपाळावर आली होती. ती आपोआप मागं गेली, कानामागं नीट बसली.

बायको कामावर गेल्यावर त्यानं खण उघडला आणि रबर काढलं. दारात गुडघ्यांवर बसला आणि फरशीवर हात फिरवू लागला. आखूड पाय कोणता होता, डावीकडचा की उजवीकडचा, तेही त्याला आठवेना. इतकी वर्षं नुसता आवाज ऐकला होता.

"ताई, पाय कुठाय?" तो म्हणाला. "बसवतो आता. आत्ताच्या आत्ता बसवतो."

गार फरशीशिवाय हाताला काही लागलं नाही. पण त्या दिवसापासून त्याची भीती कमी झाली, हेही खरं. उलट घरी कुणी नसताना तो खुर्ची ओढून दाराशी बसायचा. गिऱ्हाइकांच्या तक्रारी तिथूनच ऐकायचा. मधेच टक व्हायचं, बरं वाटायचं. आपलं निभावलं असं त्याला वाटू लागलं होतं. ती आहे, पोरही आहे. कुणाला काही द्यावं लागलं नाही.

९

मुलीच्या आंघोळीचं पाणी तापलं होतं. बायकोनं न्हाणीघरातून हाक मारली, "आण लवकर, गारठेल ती!" पण मुलगी न्हाणीघरात नव्हतीच. उघडीबंब, आईच्या हातून निसटून मधल्या दारात येऊन उभी होती, दोन्ही हात नेहमीच्या जागी टेकून. ठिगळ कढत पातेलं फडक्यात धरून स्वयंपाकघरातून निघाला. वाफ तोंडावर येत होती, फडक्यातून चटका बसत होता, पाणी हिंदकळत होतं, आणि खाली पोर.

"ताई, सरक जरा!"

त्यानं ठरवून म्हटलं नाही. जिभेनं म्हटलं. वर्षानुवर्षं दिवसातून इतक्यांदा म्हटलेलं, ते सुटलं.

लाकूड फरशीवरून ओढत नेल्याचा आवाज झाला. केसभर सरकल्याचा नाही, चांगला लांबवर. मुलीचे हात पुढच्या पुढं गेले आणि ती बुडावर आपटली. भोकाड पसरलं. बायको धावत आली, तिला उचलून घेऊन गेली. ठिगळनं पातेलं न्हाणीघरात नेऊन ठेवलं, हात झाडले, आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो दारातून सरळ आला होता. आडवा झाला नव्हता.

तो परत दाराकडे धावला. "अगं, नाही गं. तसं नाही. बस ना. ताई, इथंच बस."

दुपारपर्यंत तो दारासमोर बसून होता. टक झालं नाही. बायको भांडी घेऊन आली-गेली, सरळ, खांदे ताठ ठेवून, मधोमध.

मग त्यानं गेम उघडला. तळ्याकाठच्या घरात शेजारी दारातून सरळ चालत होता. ठिगळनं वीराला बाहेर काढलं. गावात नव्हती, बाजारात नव्हती, तळ्याच्या काठानं नव्हती. गावाबाहेर एक वाट डोंगराकडे जाते आणि तिथं गेम संपतो. पुढचे डोंगर नुसते रंगवलेले, तिकडं कुणी काही बनवलेलं नाही. माळीची झाडंही तिथवर पोचलेली नाहीत. त्या वाटेवर, हद्दीच्या पलीकडे, काहीतरी हलत होतं.

पाठमोरी बाई. डोक्याला रुमाल, काखेत स्टूल. दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस चालतं तशी, एक पाय ओढत, न थांबता.

वीराला तो जिवाच्या आकांतानं पळवत होता. हद्दीवर वीर थबकला आणि पडद्यावर नेहमीची ओळ उमटली: यापुढं जाता येत नाही. मागं फिरा.

"ताई!" ठिगळ ओरडला. कानाला हेडफोन होता, माइक जोडलेला नव्हता. ती ऐकत असती तरी वळली नसती. सरक म्हटलं की ती सरकायची. एवढंच तिनं त्याचं आयुष्यभर ऐकलं होतं. काख बदलून तिनं स्टूल दुसऱ्या बाजूला घेतलं, आणि रंगवलेल्या डोंगरात रुमालाचा ठिपका दिसेनासा झाला.

जपून ठेवलेली प्रत त्यानं त्याच दिवशी उघडली. पोरीचाही विचार केला नाही, हे त्याला नंतर कळलं, आणि ते कळणं त्याला पुढं कधी सोडणार नव्हतं. प्रत उघडली. तळ्याकाठचं घर आलं. मधलं दार आलं. दारात कुणी नव्हतं, त्या जुन्या डावातूनही ती सरकली होती. आतल्या खोलीत मुलगी खेळत होती, तिचा आवाज येत होता. काही बदललं नाही.

आता मुलगी चालते. पण अजून मधल्या दाराशी आली की थांबते, दोन्ही हात पुढं करते, आणि भार टाकते. पडते. रडत नाही, गोंधळून वर पाहते, उठते, पुन्हा हात पुढं करते.

"हिचं काय आहे गं बाई," बायको म्हणते. "रोज त्याच जागी. तिथं काय आहे एवढं?"

"काही नाही," ठिगळ म्हणतो.

आणि आता ते खरं आहे.